मुठीचं मीठ

९ सप्टेंबर १९५७, सोमवार
डॉक्टर फोस म्हणाले, "आजीबाई, बोटं चालवा, नाहीतर लाकडाची होतील. रोज चार ओळी लिहा." मी म्हटलं, लिहू काय? मला शाळा मिळाली ती वर्षाला सहा आठवडे, फिरत्या मास्तरांची. म्हणाले, काहीही लिहा, शिव्या लिहा. म्हणून ही वही. नातीची आहे, गुरोची. पहिल्या पानावर तिनं गाय काढली आहे. गायीला पाच पाय आहेत.

आज मासे मुरायला घातले. मुलानं, एंब्रिकनं, तळ्यातून चांगले जाडजूड ट्राउट आणले. मी पोटं साफ केली, कण्याजवळचं रक्त नखानं खरवडलं, झऱ्याच्या पाण्यात धुतले, मातीला लागू दिले नाहीत. मग पिंपात पोट वर करून एकाला एक चिकटून. एका थराला तीन मुठी मीठ आणि चिमूटभर साखर. माझी आई असंच घालायची.

सूनबाई तराजू घेऊन आली. "सासूबाई, मीठ वजन करून देऊ का?" हाल्दिस समुद्रकाठच्या बर्गन शहरातली. तिथं मासा बोटीवरून उडी मारून कढईत पडतो, तिला मुरवणं काय कळणार! मी म्हटलं, "तराजू तुझ्या केकला ठेव. माझ्या मुठीला साठ वर्षं झाली, ती चुकत नाही." गेली बिचारी.

उजवी मूठ सकाळी मिटतच नाही म्हणा. मधे अंडं मावेल एवढी फट राहते. पण हाताला माप पाठ आहे.

२२ सप्टेंबर
पिंपात पाणी कमी सुटलं आहे. वरचे मासे उघडे दिसतात. दरवर्षी दहा दिवसांत खार वरपर्यंत येतो. यंदा उन्हाळा लांबला, कोठारात अजून माशा आहेत, त्याचंच असेल. घरातलं मीठ संपलेलं, दुकान खाली दरीत. दोन तांबे झऱ्याचं पाणी ओतलं आणि दगड बदलून जड ठेवला. आता सगळं झाकलं.

४ नोव्हेंबर
एंब्रिक लाकूडतोडीला जंगलात गेला. नाताळलाच उगवेल. मी म्हटलं पिंपातले दोन मासे डब्यात घेऊन जा. म्हणाला, "नको आई, गेल्या वर्षी झोपडीत डबा फुटला, वासापायी सगळ्यांनी मला दोन दिवस बाहेर झोपवलं." नवीन कवळीच्या दातांनी हिरड्या सोलल्या आहेत. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

१ डिसेंबर, रविवार
नाताळाआधीचा पहिला रविवार. पहिली मेणबत्ती लावली आणि पिंप उघडलं. वास बरोबर होता. मासा बोटाला जरा जास्तच मऊ लागला. पण मऊ म्हणजे चांगला मुरला.

मुरलेला मासा न शिजवता तसाच खायचा, सोबत उकडलेले बटाटे, पातळ भाकरी, कांदा, आंबट साय. ताटं मांडली आणि दात तोंडात ठेवले तर डोळ्यांत पाणी आलं. काढून ठेवले. हिरड्यांनी मी बटाटाच खाल्ला. गुरोनं नाक दाबून धरलं. म्हणजे तीन बायका आणि मासा कोणी खाईना!

मला राग आला. हाल्दिसला म्हटलं, "आठ वर्षं झाली या घरात येऊन. अजून समुद्राकडे तोंड करून बसतेस. माझ्या मेल्यावर हे पिंप काय सरपणाला लावणार?"

तिनं ताट पुढे ओढलं. एक तुकडा घेतला, साय लावली, भाकरीत गुंडाळला आणि खाल्ला. मग दुसरा. आठ वर्षांत पहिल्यांदा. गिळताना मान पुढे काढली कोंबडीसारखी, पण गिळला. म्हणाली, "चांगला आहे, सासूबाई."

मला बरं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

२ डिसेंबर
हाल्दिसला सकाळपासून ओकाऱ्या. तोंडाला कोरड पडली म्हणते, तांब्यानं पाणी पिते. शहरी पोट. मी मनात म्हटलं, बघा, सासूच्या हातचं खाल्लं म्हणून सोंग. धार काढायला मला जावं लागलं. बोटांनी काय हाल झाले ते माझं मला माहीत.

३ डिसेंबर, मंगळवार
सकाळी चुलीजवळ बसली होती आणि दिव्याकडे बघत होती. म्हणाली, "सासूबाई, दुसरा दिवा कशाला लावलात?"
मी म्हटलं, "एकच आहे."
"दोन आहेत. एकावर एक चढलेत."

पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जशा दारूड्याच्या. मी म्हटलं, "नीट डोळे उघड आणि कामाला लाग." तिनं बोटानं पापणी वर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. बोट काढलं की पापणी खाली. तेव्हा मी डॉक्टरांना निरोप धाडला.

दुपारी कॉफी दिली. घोट घेतला तो नाकातून बाहेर आला. बोलते तीही नाकातून, जशी मडक्यात तोंड घालून. गुरो हसली, आणि मग एकदम हसायची थांबली.

डॉक्टर फोस संध्याकाळच्या आत आले. तिच्या गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बत्ती मारली. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि उजेडाला लहान होत नव्हत्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताप नाही, हेच विचित्र. पण पोलिओ असू शकतो. पोरीला हिच्याजवळ जाऊ देऊ नका." पोलिओ. या दरीत त्या एका शब्दानं गेल्या काही वर्षांत किती घरं बंद केली ते मोजवत नाही.

"काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, "घरचंच. बटाटे, भाकरी, साय."

ते खोटं नाही. पण खरंही नाही. मासा का नाही सांगितला? आमच्या पिंपातल्या माशानं आजवर कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. पाद्री सणाला माझ्याकडून मागून नेतात. माशाचा काय संबंध?

अक्षर वाकडं येतं.

४ डिसेंबर
सकाळी तिला नेलं, खाली दरीतल्या इस्पितळात. फोस तिथलेच डॉक्टर. माणसांनी स्ट्रेचरवर उचललं तेव्हा तिची मान एका बाजूला लवंडली, कापलेल्या पक्ष्यासारखी. हात थोडे हलत होते. तिनं माझ्या बाहीला धरलं. पकड लहान पोराची. काहीतरी बोलली, मला कळलं नाही. मी म्हटलं, "हो हो." कशाला हो म्हटलं कोण जाणे.

चेहऱ्यावर काही नव्हतं. रडणं नाही, घाबरणं नाही. पीठ मळून ठेवल्यासारखा चेहरा. मला वाटलं, किती घट्ट मनाची आहे.

एंब्रिकला जंगलात निरोप पाठवला आहे. शेजारची अन्ब्योर दुधाचा कॅन फाटकावर ठेवून पळाली. पोलिओला सगळे घाबरतात. गुरो विचारते, "आई मरणार का?" मी म्हटलं, "गप्प बस आणि लोकर विंचर." मी तिच्या वयाची होते तेव्हा मला असंच सांगितलं होतं, आणि माझी बहीण मेली होती.

५ डिसेंबर, गुरुवार
आज जे झालं ते सगळं लिहिते. उद्या मला लिहिता येईल की नाही कोणास ठाऊक.

सकाळी गोठ्यात गेले. लाल गायीला मीठ द्यायचं होतं. पोत्यात हात घातला, मूठ भरली, तिच्यापुढे धरली. तिनं दोनदा जीभ फिरवली आणि संपलं. पुन्हा जीभ घालून माझा तळवा चाटायला लागली, मग मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. एरवी ही गाय पुरी मूठ चाटून तोंड फिरवते, अशी मागत राहत नाही.

मी पुन्हा मूठ भरली आणि उजेडात नेऊन बघितली. बोटं मिटतच नव्हती. मधून मीठ गळत होतं, आणि जे राहिलं होतं ते माझ्या जुन्या मुठीच्या निम्मं.

एका थराला तीन मुठी. म्हणजे दीड. आणि वरून दोन तांबे पाणी.

माझ्या आईच्या वेळी वरच्या वस्तीवरचं एक घर असंच गेलं होतं. नवरा, बायको, गडी. आधी दोन दोन दिसायला लागलं, मग गिळता येईना. लोक म्हणाले, त्यांनी मिठाची काटकसर केली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मंगळवारी ती दिव्याकडे बघत होती तेव्हाही होतं. मी तिकडे बघायचं टाळलं.

छाती इतकी धडधडायला लागली की गायीच्या पाठीला धरून उभी राहिले. तोंडात थुंकी नाही, पाय थंड, आणि तरी कसे पळाले ते पाय! अडुसष्ट वर्षांची म्हातारी बर्फातून अन्ब्योरच्या घरापर्यंत पळाली, कारण टेलिफोन तिच्याकडेच आहे.

अन्ब्योरनं दार उघडलं नाही. खिडकीतून ओरडली, "रोन्नौग, मागे हो! माझी चार पोरं आहेत घरात!"
"दार उघड, डॉक्टरांना फोन करायचाय."
"मी करते. तू तिथूनच सांग काय ते."
"तुला नाही सांगायचं."
"मग नाही उघडत."

मी उभी राहिले. तिचा नवरा गोठ्यातून बाहेर आला होता, दुधाच्या गाडीचा माणूस रस्त्यावर थांबला होता. मला ठाऊक होतं, एकदा हे तोंडातून निघालं की दुपारच्या आत दरीच्या टोकाला पोचेल. मी ओरडले, "पोलिओ नाही ग! माझा मासा आहे! मी मीठ कमी घातलं! माझ्या माशाचं तिला विष बाधलंय, आता तरी उघड!"

दार उघडलं.

फोनवर फोसनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अजून कोणी खाल्लं?" मी नाही म्हटलं. म्हणाले, "मंगळवारी मी विचारलं होतं." मी म्हटलं, "हो." म्हणाले, "दोन दिवस, आजीबाई." मी म्हटलं, "हो." त्यांनी फोन ठेवला. या विषावर उतारा म्हणून टोचायची लस राजधानीतून मागवावी लागते, ती आगगाडीनं येते.

अन्ब्योरनं कॉफी दिली. मी घेतली नाही. गिळता येईना. एका क्षणाला वाटलं, मलाही झालं. पण मी मासा खाल्लाच नव्हता. हे भीतीचं होतं.

६ डिसेंबर
दूधवाल्याच्या गाडीतून इस्पितळात आले. गुरोला अन्ब्योरनं ठेवून घेतलं, आता पोलिओ नाही म्हणून.

हाल्दिसचा श्वास पहाटेच थांबत आला होता. फोसनी गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे. नळीच्या टोकाला रबराची पिशवी. पिशवी दाबली की तिची छाती वर येते, सोडली की खाली. कोणीतरी सतत दाबायला लागतं. मोठ्या इस्पितळात यंत्र आहे, पण बर्फानं रस्ता बंद, आणि वाटेत दाबणार कोण! इथं नर्स दोनच. एक परिचारिका दाग्नी, तिचे हात सुजले होते.

मी म्हटलं, "मला दाखवा."
फोस म्हणाले, "तुमच्या त्या हातांनी?"
मी म्हटलं, "मुठीनं नाही. तळव्यांनी. चीज दाबायचं असतं तसं."

आत दाबायचं, एक-दोन, सोडायचं, एक-दोन-तीन. दाग्नी शेजारी बसून बघत होती. पहिल्या दहा मिनिटांत मी घामानं भिजले. मी थांबले तर ती मरते. खोकले तर, शिंकले तर, डुलकी लागली तर. अडुसष्ट वर्षं मी श्वास घेतला, कधी मोजला नाही. आता एकेक मोजते, आणि तो माझा नाही.

७ डिसेंबर
एंब्रिक आला. बर्फानं दाढी पांढरी झाली होती. त्याला सगळं कळलं होतं, स्टेशनवरच कोणी सांगितलं. दारात उभा राहून त्यानं आधी तिला बघितलं, मग माझ्या हातातली पिशवी.

"आठ वर्षं ती खात नव्हती," तो म्हणाला. "का खाल्ला तिनं?"
मी दाबत होते. एक-दोन.
"आई, का खाल्ला?"
"मी टोमणा मारला म्हणून."
त्यानं माझ्या हातातून पिशवी घेतली. उद्धटपणे नाही, पण घेतली. मी उठून भिंतीजवळच्या बाकावर बसले. संध्याकाळी लस आली, डॉक्टरांनी टोचली.

मी विचारलं, "आता बरी होईल?"
फोस म्हणाले, "लस रक्तात फिरणारं विष पकडते. जे आधीच बसलंय ते तिच्यानं निघत नाही. ऐका. नस म्हणजे निरोप्या. मेंदूचा निरोप घेऊन स्नायूच्या दाराशी येतो आणि सांगतो, उठ, वाक, गिळ. हिच्या निरोप्यांची तोंडं दाराशीच बांधली गेलीत. नस शाबूत, स्नायू शाबूत, निरोप तेवढा पोचत नाही. आता नसेला नवं टोक फुटावं लागतं. आठवडे लागतील. महिनेही."
"बटाट्याला कोंब फुटतो तसं?"
"जवळजवळ."
"आणि तोपर्यंत?"
त्यांनी पिशवीकडे बोट केलं.

८ डिसेंबर
आज मोठी चूक केली. पिशवी माझ्याकडे होती आणि मी दाग्नीला म्हणत होते, "ही मेली तर एंब्रिक दुसरी आणेल, पण मला आता दुसरी सून नको." असंच, तोंडाला लागलेलं. दाग्नी कुजबुजली, "आजी, ती सगळं ऐकते."

मी म्हटलं, "झोपली आहे ना?"
"झोपलेली नाही. डोळे उघडायची ताकद नाही, एवढंच. मेंदूला काही झालेलं नाही. सगळं ऐकते, सगळं समजतं."

माझे हात तसेच दाबत राहिले. डोकं मात्र दोन दिवस मागे गेलं. या खोलीत मी काय काय बोलले होते! फोसना म्हटलं होतं, ही पहिल्यापासूनच नाजूक. गुरोला आता कोण बघेल, म्हटलं होतं. आणि तिला वाटत काय असेल? माती घातलेल्या माणसासारखी आत पडलेली, आणि वर सासू बडबडतेय.

तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलतो. तेवढाच. दाग्नीनं दाखवलं, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी विचारलं, "मी बोलले ते ऐकलंस?"
एकदा.
"माशात मीठ मी कमी घातलं, हे ऐकलंस?"
एकदा.


११ डिसेंबर
दुपारी पिशवीची नळी निसटली. सुटलं म्हणून कळायला मला दोन श्वास लागले. पिशवी एकदम हलकी लागली आणि छाती वर आली नाही. मी किंचाळले. दाग्नीनं धावत येऊन जोडली. एवढ्याशा वेळात हाल्दिसचे ओठ निळे झाले होते.

नंतर मी कोपऱ्यात जाऊन बसले. फोस आले, माझ्या मनगटावर बोटं ठेवली. म्हणाले, "एकशे तीस. आजीबाई, मूत्रपिंडाच्या डोक्यावर बोटाएवढी एक गाठ असते. मेंदूनं घाबर म्हटलं की ती रस सोडते. रक्तातून तो रस सगळीकडे जातो. हृदय धावतं, हात गार पडतात, तोंड कोरडं, डोळे मोठे. एका क्षणात सगळ्या शरीराला खबर जाते. म्हणून तुम्ही एवढ्या जोरात किंचाळलात."

"आणि ती?" मी विचारलं. "दोन श्वास तिला मिळाले नाहीत. ती नाही घाबरली?"
"तुमच्यापेक्षा जास्त घाबरली असेल. पण तिच्या भीतीला बाहेर यायला वाट नाही. भुवई उचलता येत नाही, हाक मारता येत नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. थेंब आपण घालतो."

मी त्या दिवशी स्ट्रेचरवर तिच्याकडे बघून काय म्हटलं होतं? घट्ट मनाची.

२४ डिसेंबर
बाहेर चर्चची घंटा वाजते. दाग्नीनं मेणबत्ती लावली. एंब्रिक आणि मी एकमेकांशी पिशवीपुरतंच बोलतो. "घे." "दे." "जरा हळू." आज गुरोला आणलं होतं. तिनं आईच्या पायाच्या अंगठ्याला लाल लोकर बांधली, म्हणजे हललेला लांबून दिसेल. पोरीला अक्कल आहे.

मी हाल्दिसला म्हटलं, "तू मेलीस तर मला माफी मागायला कोणी उरणार नाही. म्हणून मरू नकोस." अंगठा हलला नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही.

६ जानेवारी १९५८
सकाळी माझी पाळी. दाग्नी तिच्या डोळ्यांत थेंब घालायला आली. मी म्हटलं, "थांब. उशी ओली आहे."
दाग्नी म्हणाली, "कालचे थेंब असतील."
"काल मी उशी बदलली."

दोघी वाकून बघत राहिलो. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं, कानाकडे उतरलं. मागून दुसरं. चेहरा अजून मळलेल्या पिठासारखाच. पण त्या पिठातून पाणी येत होतं. दाग्नी फोसना बोलवायला पळाली. मी दाबत होते, एक-दोन, आणि माझं नाक गळायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

१९ जानेवारी
आज तिनं पिशवीशिवाय चार मिनिटं श्वास घेतला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उभी होते. चार मिनिटं कधी एवढी लांब नव्हती. माझ्या लग्नात पाद्री बोलले त्यापेक्षाही लांब.

२ मार्च
नळी काढली. बोलते, पण आवाज फाटक्या कापडासारखा. पहिलं वाक्य एंब्रिकला: "गाय व्याली का?" दुसरं मला. मी वाट बघत होते. म्हणाली, "सासूबाई, तुम्ही मोजताना पुटपुटता. एक-दोन, एक-दोन-तीन. तीन महिने ते ऐकून मला वेड लागायची पाळी आली."
एवढंच.

२७ एप्रिल
घरी आणली. जिना चढताना मधे दोनदा बसते. माशांचं ते पिंप मी कधीच मातीत पुरलं, वर चुना टाकून. एंब्रिक म्हणाला, "या घरात पुन्हा मासा मुरायचा नाही." मी म्हटलं, बरं. माझी अन्ब्योरच्या घरी जायची हिंमत होत नाही. लोक काही बोलत नाहीत, तेच वाईट.

८ सप्टेंबर
आज हाल्दिस नवीन पिंप घेऊन अंगणात आली. मागे एंब्रिक माशांची बादली घेऊन, तोंड फुगवून.

मी म्हटलं, "हे काय?"
म्हणाली, "सगळी दरी म्हणते, बर्गनच्या बाईनं रोन्नौगचं पिंप बंद पाडलं. मी आठ वर्षं ऐकलं, अजून आठ नाही ऐकणार. तुम्ही साफ करा. मीठ मी घालते."

तराजू घेऊन बसली. माशाचं वजन, मग मिठाचं वजन, दुकानातून आणलेली पोती. प्रत्येक थराला तराजूचा काटा थांबेपर्यंत वाट बघितली. मला राग येत होता आणि मी पुढचा मासा साफ करत होते. एकदा तिनं माझा उजवा हात घेतला, उलटा करून बघितला, बोटं मिटवून बघितली. जेवढी मिटली तेवढी. मग सोडून दिला आणि पुढचा थर घातला.

१८ सप्टेंबर
खार वरपर्यंत आला आहे. पाणी ओतावं लागलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
पिंप उघडलं. मासा घट्ट, बोटाला टणक. मी सांगून टाकलं, "आधी मी एकटी खाणार. तीन दिवस कोणी हात लावायचा नाही." एंब्रिक बाहेर निघून गेला, त्याला बघवेना. हिरड्या आता ठीक आहेत. दोन तुकडे खाल्ले, तिनं खाल्ले होते तेवढेच. चव चांगली होती, आणि माझ्या घशाखाली उतरताना भीतीनं सगळं अंग गार झालं. मूत्रपिंडावरची ती गाठ म्हातारपणीही कामाला हजर असते.

हाल्दिस समोर बसली होती. माझ्या पापण्यांकडे बघत.

२ डिसेंबर
काल सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि आज पुन्हा. दर जेवणाला विचारते, "सासूबाई, दिवे किती?"
"एक."
"पाणी गिळा." मी गिळते.
"बोला काहीतरी." मी शिवी देते. समाधान होतं तिचं.

मी म्हटलं, "तू हा मासा परत खाणार?" म्हणाली, "जन्मात नाही. पण तुम्ही माझ्या घरात मरायचं नाही."

३ डिसेंबर, बुधवार
तिसरा दिवस भरला. संध्याकाळी बटाटे सोलत होते. ती चुलीशी उभी, पाठ माझ्याकडे. सवयीनं विचारलं, "दिवे किती?"

माझं तोंड असं आहे. म्हटलं, "दोन."

ती वळली. आणि मी बघितलं. डोळे एवढे मोठे झाले, भुवया कपाळात गेल्या, तोंड उघडलं, चेहऱ्याचा रंग उतरला, हातातली पळी सुटली, आणि ती पडायच्या आत पाय धावले होते, माझ्यापर्यंत पोचली होती, दोन्ही हातांनी माझं डोकं धरून पापण्या उचलत होती. "एंब्रिक! गाडी काढ! एंब्रिक!" असा आवाज, की गोठ्यात गायी उठल्या. डोळ्यांतून पाणी घळाघळा. सगळं एका क्षणात. वर्षभर तो चेहरा मी बघत आले, कधी ओठाचा कोपरा हलला, कधी एक भुवई. आज सगळ्या सगळ्याला एकदम खबर पोचली.

मी तिचे हात धरले. पकड घट्ट होती, दुखलं.

"एकच आहे ग," मी म्हटलं. "एकच दिवा आहे. बस."

तिनं मला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. बर्गनकडच्या शिव्या आहेत, मला लिहिता येत नाहीत. आता ती समोर बसून थरथरते आहे आणि पाणी पिते आहे. गिळताना मान पुढे काढत नाही.